स्पर्श, वेदना आणि कृत्रिम त्वचा

पाच ज्ञानेंद्रियांपैकी डोळ्यांना आणि कानांना जो मान मिळतो, तो त्वचेच्या वाट्याला क्वचितच येतो. दृष्टी गेलेल्या माणसाला आपण अंध म्हणतो, श्रवणशक्ती गेलेल्याला बहिरा म्हणतो. स्पर्शज्ञान गेलेल्या माणसासाठी मात्र असा स्वतंत्र शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात नाही. स्पर्शही जाऊ शकतो, ही कल्पनाच आपल्या मनाला सहसा शिवत नाही. तथापि कुष्ठरोगाने, मधुमेहाने, भाजण्याने किंवा अपघातात हातपाय गमावल्याने असंख्य माणसे या ज्ञानाला मुकली आहेत. त्यांच्यासाठी, तसेच यंत्रमानवांच्या हातांसाठी, उष्णता आणि दाब ओळखणारी कृत्रिम त्वचा घडविण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगभरातील प्रयोगशाळांत चालू आहेत. त्या प्रयत्नांची ओळख करून देण्याचा आमचा या लेखात मानस आहे.

हा विषय या स्मरणिकेसाठी निवडण्यास आणखी एक कारण आहे. स्पर्श आणि वेदना हे दोन्ही शब्द धम्माच्या अभ्यासकाला चांगलेच परिचित आहेत. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत सहा आयतनांनंतर स्पर्श येतो आणि स्पर्शानंतर वेदना. तथागतांनी या दोहोंचा जो संबंध सांगितला तो ध्यानात ठेवला, तर आजचे विज्ञान कोठे अडले आणि कसे पुढे सरकले हे समजणे सोपे जाते.

त्वचा काय काय जाणते

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या या आवरणात नाना प्रकारचे स्पर्शग्राहक विखुरलेले असतात. मोरपिसासारखा हलका स्पर्श टिपणारे वेगळे, सतत पडणारा दाब सांगणारे वेगळे, कंपने ओळखणारे वेगळे आणि त्वचा ताणली गेल्याची वार्ता देणारे वेगळे. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून असे सुमारे १७,००० ग्राहक असतात. बोटांच्या टोकांशी त्यांची सर्वाधिक दाटी असते. म्हणूनच पिठातील बारीकशी कच डोळ्याला दिसली नाही तरी बोटाला लागते आणि अंध विद्यार्थी ब्रेल लिपी बोटांनी वाचू शकतो.

उष्णता आणि दाब यांची जाणीव शरीराला नेमकी कशी होते, याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी त्यासाठी मिरचीची मदत घेतली. मिरचीतील तिखट द्रव्य शरीरातील कोणत्या प्रथिनावर काम करते, याचा शोध घेताना १९९७ साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मज्जातंतूंच्या आवरणातील एक सूक्ष्म द्वार सापडले. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हेच द्वार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. तिखट खाल्ल्यावर तोंड पोळले असे आपण म्हणतो, त्यात अतिशयोक्ती नाही. मिरची आणि चटका यांची वर्दी एकाच द्वारातून जाते. पुढे २०१० साली आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाने उघडणारी द्वारे शोधून काढली. या संशोधनासाठी ज्युलियस आणि पॅटापुटियन या दोघांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यावरून दिसते ते असे की, त्वचा दोन कामे करते. उष्णता किंवा दाब यांचे ती विद्युतसंदेशात रूपांतर करते आणि तो संदेश मेंदूपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करते. कृत्रिम त्वचेलाही हीच दोन कामे साधावी लागतात. पहिले कठीण आहे, पण दुसरे त्याहून कठीण आहे. ते किती कठीण, हे जगाला प्रथम उमगले त्याची पार्श्वभूमी आपल्याच देशातील आहे.

वेल्लोरचा धडा

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, एका मिशनरी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप सडून गळतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी शेकडो रुग्णांचे हातपाय तपासले आणि त्यांना वेगळेच दिसले. हे मांस मुळात निरोगी मांसाइतकेच चांगले होते, जखम झाली तर ते भरूनही येत होते. मग बोटे जात कशी होती?

याचे उत्तर त्यांना एका साध्या प्रसंगातून मिळाले. एका खोलीचे गंजलेले कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका लहान कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली हाती घेतली आणि एका हिसक्यात कुलूप उघडले. एवढ्याशा मुलात इतके बळ कोठून आले, म्हणून त्यांनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला त्याची जाणीवही नव्हती. बळ अधिक नव्हते. बळाला आवर घालणारी वेदना नाहीशी झाली होती. अशाच निरीक्षणांतून पुढे आढळले की काही रुग्णांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडून नेत असत. त्यावर तोडगा म्हणून रुग्णांना मांजरी देण्यात आल्या.

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील मज्जातंतूंवर हल्ला करतात. तंतू मेला की त्या भागाची वार्ता येणे थांबते. चहाचा गरम पेला, चुलीवरचे भांडे, चपलेत घुसलेला खिळा, यांपैकी कशाचीही खबर मिळत नाही. आपल्याला चालताना टाचेला घासले तर आपण नकळत पाऊल किंचित तिरके टाकतो. त्या रुग्णाला तसे करण्याची प्रेरणाच होत नाही. तो त्याच जागेवर भार देत राहतो आणि तेथे व्रण होतो. रोगाने हात जात नाही, हाताची राखण गेल्यामुळे हात जातो, हे ब्रँड यांनी सिद्ध केले.

फसलेला हातमोजा

ब्रँड १९६६ साली अमेरिकेतील लुईझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी अभियंत्यांच्या साहाय्याने एक धाडसी प्रकल्प हाती घेतला. वेदना गेली आहे ना, मग यंत्राने ती परत द्यावी! दाब ओळखणारे छोटे संवेदक बसविलेले हातमोजे आणि पायमोजे तयार करण्यात आले. दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला की रुग्णाच्या कानातील यंत्रात आवाज होई. पुढे आवाजाऐवजी दिवे लावून पाहिले. तेही पुरेसे ठरेना, तेव्हा जेथे संवेदना शाबूत होती त्या काखेत विजेचा झटका देण्याची योजना केली.

हा प्रकल्प सोडून द्यावा लागला. संवेदक महाग होते आणि वारंवार बिघडत, हे एक कारण झाले. परंतु खरे कारण निराळे होते. जोर लावून एखादे काम करायचे असले आणि यंत्र इशारा देऊ लागले, की रुग्ण यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि मग पुन्हा चालू करीत. ही माणसे अविचारी नव्हती. धोका आहे हे त्यांना कळत होते, पण तो जाणवत नव्हता. खऱ्या वेदनेला असे बंद करता येत नाही आणि तिच्या याच सक्तीमुळे आपले हातपाय शाबूत राहतात.

येथे धम्मातील विश्लेषण आठवते. स्पर्श म्हणजे इंद्रियाला वस्तू लागणे, एवढाच अर्थ त्रिपिटकात नाही. इंद्रिय, त्याचा विषय आणि त्या इंद्रियाचे विज्ञान, म्हणजे जाणीव, या तिघांचा संगम झाला तरच स्पर्श घडतो आणि त्यातून वेदना उपजते. शिवाय पाली भाषेतील वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशा तीनही अनुभूतींना तेथे वेदना म्हणतात. ब्रँड यांच्या हातमोज्यात इंद्रियाच्या जागी संवेदक होता, विषयही होता. परंतु बोटावरील दाबाचे विज्ञान बोटाचे म्हणून होत नव्हते. बोटाची वार्ता कानाचा विषय बनली होती. तिघांचा संगम झाला नाही, म्हणून वेदनाही उपजली नाही. कृत्रिम त्वचेच्या पुढील साऱ्या इतिहासाकडे हा संगम जुळविण्याची खटपट म्हणून पाहता येते.

संवेदनशील पडदा कसा घडतो

प्रथम इंद्रियाची बाजू पाहू. दाब ओळखण्याचा एक प्रचलित मार्ग असा आहे. विजेचे वहन करणाऱ्या दोन पातळ थरांमध्ये रबराचा थर ठेवायचा. वरून दाबले की रबर चेपते, दोन थरांतील अंतर घटते आणि त्यांची विद्युतभार साठविण्याची क्षमता वाढते. ही वाढ मोजली की दाब कळतो. अडचण एवढीच की सपाट रबर सहजासहजी चेपत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली रबराच्या थरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिरॅमिड घडविले. पिरॅमिडांची टोके जरा स्पर्शानेही दबतात आणि त्यांच्यामधील मोकळ्या जागेमुळे रबर लगेच पूर्ववत होते. या पडद्याला २० मिलिग्रॅम वजनाची माशी बसल्याचेही कळले.

दुसरी अडचण ताठरपणाची. संगणकातील सिलिकॉनच्या चकत्या कठीण व ठिसूळ असतात, त्वचा मात्र कोपरावर, गुडघ्यावर वाकली आणि ताणली गेली पाहिजे. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांनी वाकू शकणाऱ्या कार्बनी पदार्थांचे ट्रान्झिस्टर वापरले. पडद्याला जाळीचा आकार दिल्याने तो ताणणेही शक्य झाले. २००५ साली त्यांच्या गटाने उष्णता आणि दाब दोन्ही टिपणारी अशी लवचीक जाळी सादर केली. २०१३ साली त्यांनी तयार केलेल्या इलेक्ट्रॉनिक पडद्याचे वजन एका चौरस मीटरला केवळ ३ ग्रॅम होते. छपाईच्या नेहमीच्या कागदाचे वजन तेवढ्याच क्षेत्रफळाला सुमारे ८० ग्रॅम भरते, यावरून त्याच्या तलमपणाची कल्पना यावी.

उष्णतेच्या बाबतीत एक उदाहरण आमच्या वाचकांना विशेष वाटेल. आपल्या सह्याद्रीत चापडा नावाचा विषारी साप आढळतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो. त्यातील पातळ पडद्याच्या योगाने भक्ष्याच्या शरीराची ऊब त्याला अंधारातही दुरून कळते. झुरिक आणि कॅलिफोर्निया येथील शास्त्रज्ञांनी चापड्याच्या कुळातील सापांच्या याच पडद्यावरून स्फूर्ती घेऊन २०१७ साली पेक्टिनचा पडदा तयार केला. पेक्टिन म्हणजे पेरूची जेली ज्यामुळे थिजते, तोच फळांतील पदार्थ. त्यात कॅल्शियमचे विद्युतभारित कण मिसळले. तापमान वाढले की पेक्टिनचे बंध सैल होतात, कण अधिक मोकळेपणी फिरतात आणि पडद्यातून वीज अधिक सुलभपणे वाहते. अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतका तापमानबदल या पडद्याला कळतो. इतका सूक्ष्म बदल आपल्या बोटांनाही ओळखता येत नाही.

अशा पडद्यांपुढील एक मोठा प्रश्न म्हणजे गल्लत. पडदा ताणला गेला तरी वीज बदलते, तापला तरी बदलते. मग बदल कशामुळे झाला हे कसे ओळखावे? २०२० साली कोरिया आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी एकाच ग्राहकातून तापमान आणि ताण वेगवेगळे वाचण्याची पद्धत दाखवून दिली. याखेरीज घाम, घर्षण आणि रोजचा वापर यांत महिनोन्‌महिने टिकण्याची परीक्षा आहेच. आपली त्वचा झिजते, कापते आणि स्वतःच भरून येते. काप गेल्यावर पुन्हा सांधणारे कृत्रिम पदार्थही तयार झाले आहेत, परंतु खऱ्या त्वचेच्या या गुणाशी बरोबरी करणे अजून दूर आहे.

वार्ता मनापर्यंत

आता तिसऱ्या घटकाकडे, जाणिवेकडे वळू. मज्जातंतू आकडे बोलत नाहीत, ते ठोक्यांची भाषा बोलतात. दाब कमी असेल तर ठोके विरळ, दाब वाढला तर ठोके दाट. बाओ यांच्या गटाने २०१५ साली दाबाचे रूपांतर अशाच ठोक्यांत करणारी कृत्रिम त्वचा सादर केली. २०२३ साली त्यांनी मऊ त्वचेपासून निघालेला संदेश उंदराच्या मेंदूपर्यंत नेला आणि तेथून उलट आज्ञेने पाय हलविण्यापर्यंतचा संपूर्ण फेरा जुळवून दाखविला.

मानवाच्या बाबतीतही पावले पडली आहेत. अपघातात हात गमावलेल्या डेन्मार्कमधील एका व्यक्तीच्या दंडातील मज्जातंतूंमध्ये युरोपातील संशोधकांनी बारीक विद्युतअग्रे बसविली आणि कृत्रिम बोटांतील संवेदकांशी ती जोडली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, डोळे बांधलेले असतानाही हाती धरलेली वस्तू मऊ आहे की कठीण, हे त्या व्यक्तीला ओळखता आले. जाणीव दंडाला नव्हे, तर नसलेल्या हाताला होत होती. कारव्हिलच्या मोज्याला जे साधले नव्हते ते येथे साधले. उष्णतेबाबत २०२३ साली असे आढळले की हात तुटलेल्या २७ पैकी १७ व्यक्तींच्या उरलेल्या भागावर ठरावीक ठिकाणी ऊब वा गारवा दिला, तर तो त्यांना हरवलेल्या हातातच जाणवतो. त्यासाठी शस्त्रक्रियेचीही गरज लागत नाही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नितीश ठाकोर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली कृत्रिम बोटांवर चढविण्याची कापड व रबर यांची त्वचा सादर केली. गोल वस्तू आणि टोकदार वस्तू यांतील फरक ती ओळखते आणि उरलेल्या दंडावाटे त्या व्यक्तीला स्पर्शाची, तशीच टोचण्याचीही जाणीव करून देते. वस्तू टोचणारी असेल तर कृत्रिम हात ती आपोआप सोडूनही देऊ शकतो. वेदनेतील सक्ती यंत्रात आणण्याचा हा प्रयत्न होय.

हे आपल्यापर्यंत केव्हा आणि तोवर काय

ही साधने अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत आणि शेतावर राबणाऱ्या किंवा हातगाडी ओढणाऱ्या माणसाला परवडतील अशी नाहीत. म्हणून या संशोधनातून आजच घेण्याजोगे जे आहे, ते सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट कुष्ठरोगाची. त्वचेवर फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे औषध विनामूल्य मिळते. सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने रोग बरा होतो. मात्र एकदा मेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही, म्हणून वेळेला महत्त्व आहे. वेळ बहुधा भीतीपोटी दवडला जातो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि पुढे संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कुष्ठरुग्णांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारची अस्पृश्यता आली. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन यांनी महाराष्ट्रात तिच्याशी झुंज दिली. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद आपल्या कायद्यांतून जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले. समाज दूर लोटील या भयाने माणूस चट्टा लपवितो आणि तोवर मज्जातंतू मरतो. स्पर्श टाळणाऱ्या समाजामुळे रुग्णाचा स्वतःचा स्पर्श जातो. ज्यांच्या आजापणजांनी अस्पृश्यता सोसली, त्या आपल्या समाजाने तरी कोणा कुष्ठरुग्णाला दूर लोटू नये.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरी हा आजार आहे. त्यातही पावलांची संवेदना हळूहळू जाते. डॉक्टर पावलाला १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून ती शाबूत आहे का हे तपासतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. व्रण होण्यापूर्वी ती जागा आतून तापू लागते. दोन्ही पावलांच्या त्याच जागी तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सतत राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात आणि त्या पायावरील भार कमी करून डॉक्टरांना दाखवितात. घरच्या माणसाने हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून पाहिली तरी मोठा फरक लक्षात येऊ शकतो. अनवाणी चालू नये, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे, गरम पाण्यात पाय घालण्याआधी ते दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. बधिर पावलांसाठी मऊ रबरी तळाच्या, एमसीआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या चपला मिळतात. अशा पादत्राणांच्या विकासातही वेल्लोर येथील कामाचा मोठा वाटा आहे.

हे सारे रोज, न कंटाळता करावे लागते, कारण आठवण करून देणारी वेदना तेथे नसते. कायेकडे सावधपणे पाहण्याचा जो अभ्यास धम्माने सांगितला आहे, त्याची अशा माणसाला अक्षरशः गरज आहे. आणि जेथे त्याची स्वतःची नजर पोहोचत नाही, अशा तळपायाकडे त्याच्या मुलाने, सुनेने किंवा नातवाने रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून पाहावे. कृत्रिम त्वचा यथावकाश येईल. तोवर तिचे काम घरातल्या माणसांच्या हातांनी करायचे आहे.